कोरियातील पाषाणबुद्ध आणि आपला जीर्णोद्धार
(कलशारोहण समारंभातील भाषण)



 मी शास्त्री-पंडित नव्हे. दक्षिण कोरियात पाहिलेल्या एका ठिकाणाची हकीकत तेवढी सांगतो.

तिथे सोसान भागात डोंगराच्या घळीत, ओढा ओलांडून पायऱ्या चढून गेले, की कड्यावर कोरलेल्या तीन मूर्ती दिसतात. मधोमध बुद्ध, उंची सुमारे २.८ मीटर. एक हात अभय देणारा, दुसरा वर देणारा, अगदी आपल्या देवांसारखा. दोन्ही बाजूंस बोधिसत्त्व. इ. स. ६०० च्या सुमारास, पेक्चे राज्याच्या काळात त्या घडवल्या. ६६० मध्ये ते राज्य बुडाले आणि पुढे जगाला या मूर्तींचा विसर पडला.

१९५९ साली संशोधक तिथे पोहोचले, ते एका लाकूडतोड्याच्या सांगण्यावरून, असे म्हणतात. डोंगराचा देव दोन बायकांसह हसत उभा आहे, असे तो म्हणाला होता. मला आपला खंडोबा आणि म्हाळसा-बाणाई आठवल्या!

ते हसू मोठे नवलाचे. ऊन सरकेल तसे ते बदलते. शिल्पकाराने जागाच तशी निवडली होती. तोंड उगवतीकडे, आणि कडा किंचित पुढे झुकलेला, म्हणजे पावसाचा मारा थेट बसत नाही.

१९६५ साली मूर्तींच्या रक्षणासाठी त्यांच्याभोवती भिंती व छप्पर बांधले. हेतू चांगलाच होता. पण ऊन अडले, वारा कोंडला, दगडाला ओल धरू लागली. हसू दाखवायला दिवा फिरवावा लागे. अखेर २००७ पर्यंत ते बांधकाम पूर्ण काढून टाकले. आज तिथे पुन्हा सकाळचे ऊन येते.

मंडळी, हे सांगण्याचे कारण आहे. शिल्लक निधीतून आपल्या गाभाऱ्याच्या दगडी भिंतींना चकचकीत फरशा लावाव्यात, असा विचार पुढे आला आहे. त्यामागची भक्ती मी जाणतो. पण दगडाला श्वास घेऊ द्यावा, आधी जाणकाराला दाखवावे, मगच हात लावावा, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे. वाडवडिलांनीही विचार करूनच बांधले असेल.

देव आपणां सर्वांचे कल्याण करो.