घरात काय पोचलं, ते घरानंच सांगावं

  आजचा विषय आपल्या घरातलाच आहे. सरकारी मदत आपल्या दारापर्यंत येते. दाराच्या आत तिचं काय होतं, हे कोणी सांगायचं, कोणाला सांगायचं आणि कसं सांगायचं, याबद्दल आम्ही बोलणार आहोत.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत अशी मदत घेणारी घरं गल्लोगल्ली आहेत. नवरा गेलेल्या गरीब बाईला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळतात. आई किंवा बाप गमावलेल्या लेकरासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिचे महिन्याला 2250 रुपये, वयाच्या 18 वर्षांपर्यंत. सहा महिने ते सहा वर्षांची लेकरं, गरोदर आणि स्तनदा माता यांना अंगणवाडीचा आहार आहे. शिवाय रेशन आहे. यातला आहार आणि रेशन तर 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही.

आता बघा, कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये काय दिसतं? इतकी पाकिटं वाटली, इतक्या खात्यांत पैसे जमा झाले. ते खरंच असतं. पण पाकीट घरी आलं आणि लेकरानं तोंडच लावलं नाही, हे रजिस्टरला कळत नाही. निराधारचे पैसे खात्यात आले, पण म्हातारीला बँकेपर्यंत जायला ऑटोचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी गेली, हेही कळत नाही. लेकराचे पैसे शाळेच्या खर्चाच्या वेळी हाती होते की नव्हते, ते फक्त त्याच्या मायला माहीत असतं. योजना सुधारायची असेल, तर ही घरातली माहिती वर गेली पाहिजे.

पण आपण बोलत नाही. का बोलत नाही, हे आम्ही गटागटांत विचारलं, तेव्हा बाया म्हणाल्या, “कायले बोलावं बाई? उद्या लिस्टीतून नाव कटलं तं?” दुसरी म्हणाली, “अंगणवाडीची ताई आपल्याच गल्लीतली. तिची तक्रार कशी करावं?” आणि तिसरी म्हणाली, “सांगून काय होते? मागच्या साली बी सांगतलं होतं.” या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून नुसतं ‘बोला, घाबरू नका’ असं आम्ही म्हणणार नाही. भीती राहणार नाही अशी रीत लागते.

अशी रीत आपल्याच अमरावती जिल्ह्यात होऊन गेली आहे. 2007 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले पाच जिल्हे होते अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद. राज्याचं समन्वयाचं काम पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होतं, आणि अमरावती जिल्ह्यात ‘खोज’ ही मेळघाटात काम करणारी संस्था होती.

त्यात काय करायचे? गावची आरोग्य समिती लोकांमध्ये बसून विचारायची. नर्सताई गावात येते का? लसीकरण वेळेवर होतं का? दवाखान्यात औषध मिळतं, की बाहेरून आणायला सांगतात? उत्तरांवरून गावाचं प्रगतिपत्रक भरायचं. चांगलं असेल तिथं हिरवा रंग, बरं असेल तिथं पिवळा, वाईट असेल तिथं लाल. मग जनसुनवाई व्हायची. एका बाजूला गावकरी, समोर अधिकारी, आणि सगळ्यांच्या देखत प्रश्न आणि उत्तर. पाचही जिल्ह्यांच्या गावपातळीवरच्या सेवांना पहिल्या फेरीत शंभरातून 48 ठिकाणी ‘चांगलं’ असा शेरा मिळाला होता. तिसऱ्या फेरीपर्यंत तो आकडा 66 वर गेला.

यातून शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, बोललं गाव, एकटी बाई नाही. त्यामुळे कोणा एकीचं नाव पुढे आलं नाही. दुसरी, उत्तर सगळ्यांसमोर मिळालं. सांगितल्याचं काय झालं हे कळलं, की माणूस पुन्हा सांगायला येतो.

हीच रीत आपण गटात लावू शकतो. आम्ही ती टिकल्यांनी करतो. मासिक बैठकीत हप्ता जमा झाला, की एक कागद भिंतीला लावायचा. त्यावर चार चित्रं काढायची: अंगणवाडी, रेशन दुकान, निराधारचे पैसे, लेकरांचे पैसे. ज्या घरात ती मदत येते, त्या घरच्या बाईनं हिरवी, पिवळी किंवा लाल टिकली लावायची. लिहिता-वाचता येणं गरजेचं नाही, आणि नावही लागत नाही. मग जिथं लाल टिकल्या जास्त, तिथं विचारायचं: नेमकं काय अडलं, कधीपासून, किती घरांत?

एका गावात अंगणवाडीवर लाल टिकल्या आल्या. पहिल्यांदा वाटलं, ताई नीट काम करत नसेल. विचारलं तेव्हा वेगळंच निघालं. कापूस वेचणीचे दिवस होते. माया सकाळीच वावरात जात, अंगणवाडी त्यानंतर उघडे. लहान लेकराला नेऊन सोडायला घरी कोणी नसे, म्हणून ते आहाराला मुकत होतं. ताई म्हणाली, वेळ बदलणं माझ्या हातात नाही. मग महिला सभेत ठराव मांडला, ग्रामसभेत घेतला आणि पर्यवेक्षिकेकडे दिला. ताईसुद्धा आमच्यासोबत आली. वेचणीपुरती वेळ अलीकडे आली. नवा वजनकाटा मागितला होता, तो अजून आलेला नाही. त्याचा पाठपुरावा चालू आहे.

म्हणून आम्ही सांगतो, माणसाचं नाव घेण्याआधी अडचणीचं नाव घ्या. आणि अडचणींचे तीन ढीग करा.

पहिला ढीग गावात सुटणारा. अंगणवाडीची वेळ, रेशन दुकान उघडण्याचे दिवस. हे महिला सभेत मांडा. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. रेशनसाठी गावात दक्षता समिती असते, तिच्यात कोण आहे ते विचारा.

दुसरा ढीग तालुक्याचा आणि जिल्ह्याचा. निराधारचा अर्ज तहसीलमध्ये असतो. बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जातो, घरी येऊन चौकशी होते, आणि बाल कल्याण समिती आदेश देते. अर्ज कोणत्या पायरीवर थांबला ते विचारा, आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांना 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत ठरवून दिली आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं.

तिसरा ढीग मुंबईचा, म्हणजे नियमाचा. निराधार योजनेला वर्षाच्या 21 हजार रुपये उत्पन्नाची अट कितीतरी वर्षं राहिली. मजुरीचे दिवस मोजले, तर गरिबातली गरीब बाईसुद्धा त्या आकड्यात बसणं कठीण. याचा राग तलाठ्यावर किंवा तहसीलच्या बाबूवर काढून उपयोग नाही. गावागावांचे ठराव गोळा करून ते ग्रामसंघ, प्रभागसंघामार्फत आणि आमदारांमार्फत वर पाठवावे लागतात.

आणखी एक जपा. घरातली गोष्ट घरातलीच असते. कोणाचा नवरा कसा गेला, कोणाला कोणता आजार आहे, हे सभेत काढायचं कारण नाही. आपल्या वऱ्हाडात आत्महत्येनं उघडी पडलेली घरं आहेत. त्या मायलेकरांना पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका. ‘गावात अशा इतक्या लेकरांचे अर्ज अडकले आहेत’ एवढं लिहिलं, तरी काम होतं.

आणि जे चांगलं चाललं आहे, तेही सांगा. हिरवी टिकली लागली, तर ती ताईला दाखवा, ठरावात लिहा. चांगलं काम करणाऱ्या माणसाला त्याचं बळ मिळतं, आणि आपण फक्त बोट दाखवायला येत नाही हेही कळतं.

तर बायांनो, येत्या बैठकीत टिकल्यांची तीन पाकिटं घेऊन जा. एका कागदापासून सुरुवात करा. त्यावर तारीख टाका, आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत सगळ्यात आधी हे वाचून दाखवा: मागच्या वेळी आपण काय सांगितलं होतं आणि उत्तर काय आलं. उत्तर आलं नसेल, तर तेही लिहा आणि पोच घेऊन पुन्हा द्या. एकीनं सांगितलं तर ते गाऱ्हाणं होतं. वीस घरांनी मोजून, लिहून सांगितलं, तर ती गावाची माहिती होते, आणि ती बाजूला सारणं कोणत्याही कार्यालयाला सोपं जात नाही.