थंडीची पहाट आणि वेगवान मोटार

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला महामार्ग कात्रजचा डोंगर मागें टाकतो, नीरा नदी ओलांडतो आणि शिरवळास येऊन पोंचतो. नदीच्या अलीकडे पुणें जिल्हा, पलीकडे सातारा. सुभानमंगळ ह्या शिवकालीन भुईकोटामुळें इतिहासाच्या वाचकांस परिचित असलेलें हें गांव आज कारखान्यांचें व मोठ्या वर्दळीचें ठिकाण झालें आहे. पुढें थोड्याच अंतरावर खंबाटकीचा घाट लागतो. आणि घाट उतरल्यावर सुरूर येथून एक फांटा वाई, पसरणीचा घाट, पांचगणी व महाबळेश्वर असा चढत जातो. हिवाळ्यांतील सुटीच्या दिवशीं, रस्ता मोकळा मिळेल ह्या हिशेबानें, वेगवान मोटारी पहाटेच ह्या वाटेस लागतात. अशा मोटारीच्या चाकांखालीं त्या घटकेस काय घडत असतें, ह्याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

मोटार कितीहि मोलाची असो, जमिनीशीं तिचा संबंध फक्त चार ठिकाणीं येतो. प्रत्येक टायरचा जेवढा भाग कोणत्याहि क्षणीं रस्त्याला टेकलेला असतो, तो माणसाच्या तळहाताहून फारसा मोठा नसतो. वेग घेणें, वळणें आणि थांबणें हीं तिन्ही कार्यें ह्या चार तळहातांच्या पकडीवर चालतात. डांबरी रस्ता दिसावयास गुळगुळीत दिसला, तरी त्यावर बारीक खडीचे असंख्य उंचवटे असतात. मऊ रबर त्या उंचवट्यांभोवतीं दबतें, खांचांत शिरतें आणि रस्ता धरून ठेवतें. रबर ताठर झालें कीं तें खांचांत शिरत नाहीं. नुसतें उंचवट्यांच्या माथ्यांवरून सरकत जातें. चालकास ही गोष्ट डोळ्यांनीं दिसत नाहीं, आणि तिच्यांतील धोका नेमका येथेंच आहे.

थंडीनें वस्तूचा स्वभाव पालटतो, हें घरांत कोणास नव्यानें सांगावयास नको. मार्गशीर्ष-पौषांत खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि ती उन्हांत ठेवावी लागते. रबर तेलाप्रमाणें एकदम थिजत नाहीं. तें अंशाअंशानें ताठर होत जातें. चार्ल्स गुडइयर ह्या अमेरिकन संशोधकानें १८३९ सालीं रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ति शोधली. तत्पूर्वीं रबराच्या वस्तु उन्हाळ्यांत चिकट होत आणि हिवाळ्यांत कडक होत. गुडइयरच्या युक्तीनें हा दोष पुष्कळ कमी झाला, परंतु समूळ गेला नाहीं. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें ‘चॅलेंजर’ हें अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळांत नष्ट झालें आणि त्यांतील सातहि प्रवासी मृत्युमुखीं पडले. अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडें त्या दिवशींच्या कडाक्याच्या थंडीनें ताठरलें होतें. पदार्थविज्ञानवेत्ते रिचर्ड फाइनमन ह्यांनीं चौकशीच्या वेळीं तशाच रबराचा तुकडा चिमट्यांत दाबून बर्फाच्या पाण्यांत बुडविला आणि चिमटा सोडल्यावर तो लगेच पूर्ववत् होत नाहीं, हें सर्वांसमक्ष दाखविलें.

अतिवेगवान मोटारींस बहुधा जे टायर असतात, त्यांस पाश्चात्य देशांत ‘उन्हाळी’ टायर म्हणतात. त्यांचें रबर तापलेल्या रस्त्यावर उत्तम पकड देईल अशा बेतानें मिसळलेलें असतें. हवेचें उष्णतामान सुमारें ७ अंश सेल्सियसच्या खालीं गेलें म्हणजे हे टायर काढून हिवाळी टायर चढवावे, असा तिकडे प्रघात आहे. हिवाळी टायरचें रबर थंडींतहि मऊ राहतें आणि त्याच्या नक्षींत बारीक चिरा असतात. जर्मनींत बर्फाळ वा गोठलेल्या रस्त्यावर योग्य टायरांवांचून मोटार चालविणें हा २०१० च्या सुधारित नियमानुसार दंडास पात्र असा अपराध आहे. तेथें नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांस पहिल्याच हिवाळ्यांत टायर बदलण्याचा खर्च संसाराच्या हिशेबांत धरावा लागतो. अत्यंत वेगासाठीं बनविलेले कांहीं टायर तर शून्याच्या बऱ्याच खालीं उष्णतामान गेलें असतां तडकूं शकतात. अशा थंडींत मोटार जागची हलवूं नये, अशी ताकीद कारखानदारच देतात. मात्र ७ अंश ही कांहीं लक्ष्मणरेषा नव्हे. दहा अंशांवरहि असा टायर दुपारच्या मानानें कमीच धरतो. सातावर त्याहून कमी.

आपल्या प्रांतीं एवढी थंडी पडते काय, असा प्रश्न साहजिक आहे. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. परंतु तो अपवाद. महाबळेश्वर सुमारें साडेतेराशें मीटर उंचीवर आहे. तेथें वेण्णा तलावाच्या परिसरांत कांहीं हिवाळ्यांत पहाटे दंव गोठून गवतावर पांढरा थर दिसतो. शिरवळच्या रस्त्यावर बर्फ नाहीं, आणि म्हणून शिरवळच्या प्रवाशास हिवाळी टायर विकत घेण्याचें कांहीं कारण नाहीं. पण बर्फ नाहीं म्हणून धोकाहि नाहीं, असें मानणें चुकीचें होईल. येथील धोक्याचीं रूपें वेगळीं आहेत.

पहिलें रूप टायरांतील हवेचें. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितांना लोहार ती लाल तापवितो आणि चढविल्यावर पाणी ओततो; निवतांना धाव आकसते आणि चाकास घट्ट बसते. थंडीनें लोखंड आकसतें, तशी हवाहि आकसते, आणि ती कितीतरी अधिक. दुपारीं ३५ अंशांत ३२ पौंड दाबाची हवा भरलेला टायर पहाटे १० अंशांत पाहिला, तर तींत सुमारें २८ पौंडच उरलेली आढळेल. टायरला भोंक नसतें, हवा गळालेली नसते. तरी चार पौंड कमी! असा टायर वळणावर अधिक लवतो आणि सुकाणूस उशिरां उत्तर देतो.

दुसरें रूप रस्त्याचें. नीरेच्या कांठीं आणि वीर धरणाच्या पाणसांठ्याच्या आसपास हिवाळी पहाटे धुकें उतरतें; दंवानें धूळ ओली होऊन रस्ता निसरडा होतो. तेच दिवस ऊंसाच्या गळिताचे. शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर चिखल रस्त्यावर येतो, ट्रॉलींतून पाचट गळतें, आणि मागें दिवा नसलेली भरलेली ट्रॉली धुक्यांत अगदीं जवळ येईपर्यंत दिसत नाहीं.

येथें थोडें गणित मांडणें अवश्य आहे. ताशीं १०० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच बहुधा तितकें अंतर सरतें. पुढें रस्त्याची पकड दर्शविणारा घर्षणगुणक ०.८ धरला, तर थांबावयास सुमारें ४९ मीटर लागतात, तोच ०.६ धरला, तर ६६ मीटर. पहिली मोटार ज्या जागीं उभी राहिली, त्याच जागीं दुसरीचा वेग अजून ताशीं ५० किलोमीटर असतो. पकड चतुर्थांशानें घटली, इतकेंच घडलें. परंतु पुढें ट्रॉली उभी असेल, तर एका घरीं सहलीच्या गोष्टी पोंचतात आणि दुसऱ्या घरीं रुग्णालयाचा निरोप पोंचतो.

मोटारींत घसरण आवरणारीं विद्युत्-यंत्रें असतात, मग काळजी कसली, असें तरुण मंडळी म्हणतात. हीं यंत्रें उपकारक आहेत ह्यांत शंका नाहीं. परंतु तीं आहे ती पकड काटकसरीनें खर्चितात. नसलेली पकड निर्माण करूं शकत नाहींत. बलाढ्य इंजिनाची शक्ति मागच्या चाकांवर येते, चाकें गार असतात, आणि घाटाच्या वळणावर पाय जरासा अधिक दाबला जातो, कीं मोटारीचा मागचा भाग बाहेर झुकतो. कुशल चालकासहि त्या क्षणीं सावरावयास अवधि मिळत नाहीं.

उपाय सोपे आहेत, आणि बहुतेक बिनखर्चाचे आहेत. निघण्यापूर्वीं, टायर गार असतांनाच, हवा मोजावी आणि दाराच्या खांबावर कारखानदारानें लिहिलेल्या आंकड्याइतकी भरावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली म्हणजे टायरचें आयुष्य संपलें असें समजावें. वेगाच्या मोटारीचा टायर त्याच्याहि आधीं बदलावा. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात; पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. जुनें रबर उन्हाळ्यांतहि ताठर असतें, मग हिवाळ्याची कथा काय! पहिले कांहीं मैल सौम्यपणें हांकावे, ब्रेक व सुकाणू ह्यांस हिसका देऊं नये, आणि धुकें असेल तर सूर्य वर येईपर्यंत थांबावें. हिमाचलांत मनालीपलीकडे, २०२० सालीं खुल्या झालेल्या अटल बोगद्यातून हिवाळ्यांत जाण्याचा बेत असेल, तर उन्हाळी टायरची मोटार घरींच ठेवावी आणि तिकडची, बर्फास सरावलेली गाडी व चालक घ्यावा.

वेगाची आवड हा दोष नव्हे. तारुण्याचा तो धर्मच आहे. परंतु घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलास ‘सावकाश जा’ असें नुसतें सांगितल्यानें तो सावकाश जात नाहीं. त्यास कारण समजावें लागतें. ‘अरे, हवा मोजलीस का? टायर किती सालचा आहे?’ असे दोन प्रश्न आदल्या रात्रीं विचारले, तर त्या उपदेशास अर्थ येतो. खंबाटकीचा घाट ऊन पडल्यावरहि तेथेंच असतो, आणि तासाभरानें उशिरां निघालेल्या प्रवाशास तो कोरडा, उबदार आणि स्पष्ट दिसणारा असा मिळतो.