‘डिसगस्ट’ : एका शब्दाची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



नावडती भाजी पानात पडली की हल्लीची मुले नाक मुरडून ‘डिसगस्टिंग’ म्हणतात. आपल्याला राग येतो; पण शब्दाच्या मूळ अर्थाला ती अगदी धरून असतात! लॅटिन भाषेत ‘गुस्तुस’ म्हणजे चव. त्यामागे नकाराचा ‘डिस’ लागला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत शिरला. चवीला न रुचणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

पुढे तो स्वयंपाकघराबाहेर पडला. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीत नृत्यसमारंभातील डार्सीच्या तुसड्या वागण्याला हाच शब्द लावला आहे. तेथे अर्थ नुसती नावड.

डार्विनसाहेबांनी १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात एक मजेदार हकीकत दिली आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा देल फ्यूगो येथे, ते डब्यातले थंड मांस खात होते. तेथल्या एका रहिवाशाने त्याला बोट लावून पाहिले. तो मऊपणा लागताच त्याला शिसारी आली. इकडे त्याचे बोट लागले म्हणून साहेबांना किळस आली. आणि त्याचे हात घाणेरडे दिसत नव्हते, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे!

पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात बुडवून काढले. अपाय काही नव्हता, तरी लोकांना तो रस नकोसा झाला.

भगिनींनो, किळस ही आपल्या घरची राखणदारीण खरी. आंबलेली आमटी, माशा बसलेली मिठाई ती पोटात जाऊ देत नाही. पण तिला माणसांवर पहारा करायला बसवले की अनर्थ होतो. भांडी घासणाऱ्या बाईंचा कप अजूनही कित्येक घरांत वेगळा, कान तुटलेला असतो. ज्यांच्या हातांनी आपली ताटे स्वच्छ होतात, त्यांच्या ओठांनी आपला कप बाटतो कसा?

संस्कृतात ‘घृणा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक किळस, दुसरा दया. मराठीत आपण पहिलाच ठेवला. दुसराही घरात परत आणावा, आणि त्याची सुरुवात उद्याच्या चहापासून करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.