कावळ्याची ओली भाकरी

सोलापूरच्या कडक भाकरीचं कौतुक आपल्याला नव्यानं सांगायला नको. ज्वारीची, पापडासारखी पातळ भाकरी. सोबत शेंगाचटणी आणि दही असलं की झालं. पण ही भाकरी कावळा कशी खातो, हे मात्र मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये आईनं अंगणातल्या कडुनिंबाखाली पाण्याची परात ठेवली. बाजूला मूठभर ज्वारी. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, मागोमाग कावळा आला. त्यानं कट्ट्यावरचा कडक भाकरीचा तुकडा उचलला, परातीत टाकला, थोडा थांबला, चोचीनं उलटा केला आणि मऊ झाल्यावर घेऊन उडाला. आई म्हणाली, "त्याला बी माझ्यासारखे दात न्हाईत बघ!" तीही भाकरी आमटीत भिजवूनच खाते.

गंमत चार दिवस टिकली. मग परातीत हाडं तरंगू लागली, कुठल्याशा उंदराची आतडी आली. चिमण्या फिरकेनात. नळाला चार दिवसांनी पाणी, त्यात तीनतीनदा परात घासायची! बायकोचं म्हणणं, परातच उचला. तिचंही काही चुकत नव्हतं. आई बोलली नाही, पण त्या रात्री ती जेवलीही नाही.

पक्ष्यांच्या अशा युक्त्या जगभर आहेत. इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ टिट नावाचे चिमुकले पक्षी दारातल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं उघडून साय खातात, अशी नोंद १९२१ सालची आहे. पुढे ती सवय देशभर पसरली. आमचा कावळा तर घरचाच!

ही ओली भाकरी जाते कुठे, म्हणून एका सकाळी मान वर करून पाहत बसलो. वरच्या फांदीवर पंख थरथरवत एक पिल्लू ओरडत होतं. अंगभर ठिपके. कोकिळेचं! कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे शाळेतच शिकलो होतो. पण मोठेपणी फळांवर जगणारं हे पाखरू लहानपणी आमच्या आईची भाकरी खातं, हे मारुती चितमपल्लींच्या गावात राहून इतक्या उशिरा कळावं!

परात राहिली. चिमण्यांसाठी उथळ मातीचं भांडं पलीकडे टांगलं. परात घासायचं काम माझ्याकडे आलं. आई आता कावळ्याचा तुकडा आधीच भिजवून ठेवते. तो येतो, तुकडा उचलतो आणि पुन्हा परातीत बुडवतोच.