जय भीम आणि विडीचा हजार
(हदगाव इथे तरुणांपुढे केलेलं भाषण)

दोस्तहो, जय भीम!

हे अभिवादन रूढ केलं ते कामठीच्या बाबू हरदासांनी, असं आपण मानतो. हरदास लक्ष्मणराव नगराळे. जन्म १९०४, मृत्यू १२ जानेवारी १९३९. क्षयानं पस्तिशीत माणूस नेला. त्यांच्या फोटोला हार घालताना आपण एक गोष्ट गाळतो. हा विडीमजुरांचा माणूस होता.

विडीचा धंदा बघा. तेंदूचं पान भिजवायचं, कापायचं, जर्दा भरून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. मजुरी हजारावर. मोजणी ठेकेदाराची. 'ही खराब, ही छाट' म्हणत तो मूठमूठ विड्या बाजूला सारणार. त्या छाटीला मजुरी नाही. बाजारात मात्र तीच विडी विकली जाणार! ही वहीत लिहून केलेली चोरी आहे.

हरदासांनी नुसती भाषणं ठोकली नाहीत. सहकारी तत्त्वावर विडीचं काम काढलं, म्हणजे मधला ठेकेदारच उडवला. मजुरांची संघटना बांधली. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ साली हरदास नागपूर-कामठीतून निवडून आले. पक्षाच्या नावात मजूर होता, हे विसरू नका. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्याला शिव्या घालतो आणि दुसऱ्याच्या दारात तिकीट मागायला उभे राहतो. हरदासांचं आधी काम, मग आमदारकी. आपल्या पुढाऱ्यांचं आधी तिकीट, मग कामगार आघाडीचं लेटरपॅड.

तेव्हा हदगाव निजामाच्या राज्यात होतं. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात ती निवडणूक झाली, अलीकडे नाही. पण जय भीम नदी ओलांडून आला. १९७८ साली नामांतरासाठी मराठवाड्यात आपली घरं जळली, याच जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले, तरी जय भीम मागे हटला नाही. १९९४ साली विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव लागलं.

मग संघटना का अलीकडे आली नाही? उसाच्या फडात उचलीचा हिशोब मुकादमाच्या वहीत. साफसफाईच्या कामावर हजेरी ठेकेदाराच्या वहीत. छाट अजून चालूच आहे, फक्त विडीच्या जागी आपला दिवस छाटला जातो.

म्हणून एकच काम सांगतो. आपापल्या वस्तीत जा. कोणी किती उचल घेतली, किती दिवस राबलं, हातात किती पडलं, हे आपल्या वहीत लिहा. मुकादमाच्या वहीसमोर आपली वही ठेवायची. संघटनेची सुरुवात तिथून होते.

जय भीम!