विंचू आधी आपल्याला चावावा



आम्ही चौथी शिकलेलो. तरी शिंगणापुरात हायस्कूलच्या पोरांना भारूड लिहायला शिकवलं. एकानं लंगड्या म्हाताऱ्याची नक्कल लिहून आणली. वर्ग हसला. आम्ही म्हणालो, "बाळांनो, ही टवाळी झाली. नाथ महाराजांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, अन् तो चावतो बोलणाऱ्यालाच. दुबळ्याला हसू नये. खोट दाखवावी, ती आधी आपली."

दुसऱ्या दिवशी एका पोरीनं लिहिलं: आमच्या गावात घराला दार नाही, पण बुवांच्या आतल्या खिशाला बटण आहे. 'लोभ सोडा' म्हणतात अन् बिदागीचं पाकीट तिथं ठेवतात!

पोरं गप्प. आम्ही हसलो, मग मान खाली गेली. पोरीला भारूड कळलं होतं. आम्हाला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून बिदागी बंद.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!