विद्येच्या देवाची वर्गणी

(गणेशोत्सवातील सभेत केलेले भाषण)



यंदाच्या वर्गणीतला काही भाग येथील सियालदहच्या लोरेटो शाळेतील गरीब व निराधार मुलींसाठी द्यावा, असा ठराव आपल्यापुढे आहे. "मिशनऱ्यांच्या शाळेला आपण का द्यायचे?" असे काही सभासदांनी विचारले. प्रश्न मोकळेपणाने विचारला, हे बरे झाले.

१९७९ मध्ये आयर्लंडच्या सिस्टर सिरिल मूनी या शाळेच्या प्रमुख झाल्या. शाळा नावाजलेली, फी भरणाऱ्यांची. पण जवळच सियालदह स्टेशन आणि फुटपाथवर वाढणारी मुले. सिस्टरनी गरीब मुलींसाठी जागा वाढवत नेल्या. पुढे सुमारे १४०० मुलींपैकी निम्म्या विनाशुल्क शिकू लागल्या. १९८५ मध्ये 'रेनबो' उपक्रम सुरू झाला. रस्त्यावरच्या मुलांनी जमेल तेव्हा यावे, जमेल तेवढे शिकावे. त्यांना शिकवीत शाळेतल्याच मुली, एकीला एक मूल. हे काम त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग होता. ज्या मुलींना रात्री रस्त्यावर धोका, त्यांना शाळेतच निवारा मिळाला.

एरवी दान देणारा वर आणि घेणारा खाली असतो. येथे सुखवस्तू घरची मुलगी आणि फुटपाथवरची मुलगी एका चटईवर बसल्या. शिकणारीला अक्षर मिळाले आणि शिकवणारीला आपले शहर कळले.

भारत सरकारने २००७ मध्ये सिस्टरना पद्मश्री दिली. २०२३ मध्ये त्या गेल्या. पण अशी कामे एकाच व्यक्तीच्या पुण्याईवर चालत नाहीत. एक दिवस जेवण घातले की फोटो छान येतो. वही, औषध, दूध मात्र रोज लागते. म्हणून माझी सूचना अशी, की जुने कपडे नेऊन टाकण्याऐवजी काय हवे ते शाळेलाच विचारावे आणि ठरावीक रक्कम निदान पाच वर्षे न चुकता द्यावी.

राहिला मिशनऱ्यांचा प्रश्न. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. त्या विद्येचे फळ आपल्या घराघरातल्या लेकींना मिळाले. आपण विद्येच्या देवतेचा उत्सव करतो. त्याच्या वर्गणीतून एका मुलीच्या हाती पाटी आली, तर ती पूजाच झाली.

गणपती बाप्पा मोरया!